वजा एक पॉइंट आठ

उलरिश श्ट्राटमान निवृत्त होण्याआधी जर्मनीतल्या रेक्लिंगहाउझेन शहरात गाडीच्या परवान्याच्या परीक्षा घ्यायचा. आयुष्य माणसांना नापास करण्यात गेलं. पुढे नापास करायला कुणी मिळेना, म्हणून तो प्रवाळ पाळणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. निदान मंडळातल्या आनेग्रेटचं मत असं होतं, आणि ते ती कुणापासून लपवत नसे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी बागवाल्यांच्या क्लबघरात मंडळ जमायचं. प्रत्येकाने आपल्या टाकीतलं खारं पाणी जॅमच्या बाटलीत भरून आणायचं, बाटल्या टेबलावर ओळीने मांडायच्या आणि कॉफी पीत, कच्चा खिमा नि कांदा लावलेले पाव खात निकालाची वाट बघायची. पाण्याची क्षारता, म्हणजे खारटपणा नव्हे, त्यात विरघळलेला सोडा, अध्यक्ष तपासणार; ती डिग्रीत मोजतात. प्रवाळ आपली हाडं तिच्यातूनच बांधतं. ती उतरली की वाढ खुंटते, चढली की शेंडे जळतात, आठ डिग्रीच्या आसपास राहिली की सगळं सुखात. तपासायचं म्हणजे तरी काय? कुपीत पाणी घ्यायचं, त्यात निळा रंग टाकायचा, सिरिंजने थेंबथेंब आम्ल सोडायचं आणि निळ्याचं गुलाबी झालं की आकडा वाचायचा. शाळकरी पोर करील असं काम. पण श्ट्राटमान चष्मा कपाळावर चढवून, श्वास रोखून असा काही बसे की समोरच्यांनी चावणंसुद्धा थांबवावं.

आकडा वाचून झाला की तो तपासणीच्या डब्याच्या झाकणाकडे बघे. झाकणावर एक पिवळी चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं, वजा १.८.

बारा वर्षांपूर्वी त्याने एकदा आपलं पाणी प्रयोगशाळेत पाठवलं होतं. त्याचा डबा एक पॉइंट आठ जास्त दाखवतो, असं तेव्हा निघालं. त्या डब्यापुरतं ते खरंच होतं. तो डबा कधीच संपला. त्यानंतर कितीतरी डबे आले, प्रत्येकातलं औषध वेगळ्या खेपेचं, हल्लीचं तर अगदी अचूक, पण चिठ्ठी मात्र एका झाकणावरून सोलून दुसऱ्या झाकणावर चिकटत राहिली. पुन्हा पडताळून बघावं असं ना त्याला सुचलं, ना मंडळातल्या नंदीबैलांना. बाबा वाक्यं प्रमाणम्!

"सहा पॉइंट पाच," मार्चच्या बैठकीत श्ट्राटमानने जाहीर केलं. "आनेग्रेट, उपाशी मारतेयस प्रवाळाला. सोड्याचा डोस वाढव."

"घरी तीनदा मोजलं मी. तिन्ही वेळा आठ पॉइंट तीन."

"बरोबर आहे. कारण तुझ्याकडे दुरुस्ती नाही."

"अगं, अध्यक्षांची दुरुस्ती प्रयोगशाळेतली आहे," रायमुंडने री ओढली. रायमुंड मंडळाचा चिटणीस. अध्यक्षांना शिंक आली तर हा नाक पुसायचा.

आनेग्रेटने एकतीस वर्षं औषधाच्या दुकानात मागच्या खोलीत बसून पुड्या तोलल्या होत्या. मिलिग्रॅमचा फरक झाला तर पोर दगावतं, हे कळणारी बाई. आणि हा गाडी मागे घ्यायला लावणारा तिला मोजायला शिकवत होता.

तरी तिने सगळं गिळलं असतं. तिचा जीव अडकला होता तो कायझरमध्ये. कायझर म्हणजे श्ट्राटमानच्या टाकीतलं एकोणीस वर्षांचं प्रवाळ. जांभळं, हिरव्या शेंड्यांचं, टोपलीएवढं. मंडळातल्या बहुतेकांकडे त्याचंच कलम होतं, तिच्याकडेही. इतकं देखणं काही त्या माणसाच्या हातून वाढावं, हा देवाचा विनोदच म्हणायचा. एप्रिलमध्ये ती ते बघायला गेली, तर हिरवे शेंडे पांढरेफटक पडलेले, नखाएवढं हाड उघडं.

"जळतंय हे," ती म्हणाली. "क्षारता कमी कर."

"उपाशी आहे म्हणून पांढरं पडलंय. कालच डोस वाढवलाय मी."

तिला संतापाने रडूच आलं. रस्त्यावर आल्यावर ती त्याच्या नावाने असं काही बोलली की कुत्रं फिरवणारा एक शेजारी बाजूला झाला.

घरी तिने जुना काटा काढला. औषधी दर्जाचा खायचा सोडा दोन पॉइंट चार ग्रॅम तोलून एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवला. त्यातला दहावा भाग घेऊन पुन्हा एक लिटर केलं. असं पाणी बरोबर आठ डिग्रीचं होतं. त्यात वादाला जागाच नाही. ते तिने जॅमच्या बाटलीत भरलं आणि मेच्या बैठकीत ओळीत ठेवून दिलं.

श्ट्राटमानने थेंब सोडले. गुलाबी झालं. आकडा वाचला, चिठ्ठी बघितली.

"सहा पॉइंट दोन! आता मात्र हद्द झाली, आनेग्रेट. बघा रे सगळे, हे आजारी टाकीचं पाणी. मला नुसत्या रंगावरून कळतं."

"या पाण्याने टाकी बघितलेली नाही," आनेग्रेट म्हणाली. "शुद्ध पाणी आहे आणि तोलून घातलेला सोडा. आठ डिग्री. तुझ्या सिरिंजनेही आठच दाखवले. खोटं बोलली ती चिठ्ठी."

कुणीतरी कॉफी पिताना ठसकलं. श्ट्राटमानचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"तुझा सोडाच भेसळीचा असेल."

"भेसळीचाच," रायमुंड म्हणाला. आणि सभा सुटल्यावर सायकली लावल्या होत्या तिथे तिला गाठून कुजबुजला, "मी डोस किती कमी करू गं? अध्यक्षांना बोलू नकोस हं."

"अध्यक्षांनाच विचार," म्हणून ती निघून गेली. पण घरी जाऊन तिने त्याला निरोप धाडला, निम्मा कर. प्रवाळाचा काय दोष?

हळूहळू मंडळातल्या सगळ्यांनी चोरून डोस कमी केला. चिठ्ठी पाळणारा एकटा श्ट्राटमान उरला.

जूनअखेरीस एका दुपारी तो तिच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात तपासणीचा नवाकोरा डबा.

"कायझर गेला," तो म्हणाला. "बुंध्यापर्यंत पांढरा झाला. एक फांदी देशील?"

तिच्या टाकीतलं कलम आता बशीएवढं झालं होतं, हिरव्यागार शेंड्यांचं. तिने आधी डब्याचं झाकण बघितलं. चिठ्ठी नव्हती. तिचं मन जरा निवळलं.

"चुकलो मी," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हा शब्द कुणी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि तिला त्याची खरोखर दया आली. फांदी तोडायची कात्री तिने हातात घेतली. मग जरा थांबली आणि त्याच्यापुढे सोड्याच्या पाण्याची बाटली, कागद आणि पेन्सिल ठेवली.

"आधी हे मोज. आकडा लिही. मग तोडते."

तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. चष्मा कपाळावर चढवला. थेंब चोख सोडले, ते तिने मान्य केलं. निळ्याचं गुलाबी झालं. त्याने सिरिंज उजेडात धरली आणि मोठ्याने वाचलं, "आठ." तिलाही दिसत होतं, आठ.

मग त्याची नजर झाकणाकडे गेली. झाकण कोरं होतं. तरी तो क्षणभर तिथे बघत राहिला, ओठ हलले, आणि त्याने कागदावर नीट, परीक्षकाच्या अक्षरात आकडा लिहून कागद तिच्याकडे सरकवला.

६.२.

आनेग्रेटने कात्री खणात ठेवली आणि टाकीचं झाकण लावलं.

"नापास," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात ये."