काचवालीच्या नावचं कार्ड

गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या ग्रंथपाल बाईंना पाठीमागे सगळे शिक्काबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. एकवीस वर्षं त्या एकाच टेबलामागे बसून पुस्तकांची देवघेव करत होत्या. एका वेळी दोन पुस्तकं, मुदत चौदा दिवस, संदर्भग्रंथ घरी मिळणार नाहीत. नगराध्यक्षांनी एकदा जाडजूड कोश घरी न्यायचा हट्ट धरला, तेव्हा बाईंनी त्यांना वाचनकक्षातली रिकामी खुर्ची दाखवली होती. बाई नियमाच्या पक्क्या होत्या, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

त्या मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी काचवाली आत आली. नाक्यावर फोटो-फ्रेमचं दुकान होतं, ते दोघे भाऊ मिळून चालवायचे. थोरला दीड वर्षापूर्वी गेला, तेव्हापासून काच कापायचं काम त्याची बायको करू लागली. तिच्या बोटांवर बारीक बारीक चिरांची नक्षी उमटली होती.

"बाई, माझं पुस्तक आलं का हो?"

"आलं की. आजच जिल्ह्याच्या ग्रंथालयाकडून गठ्ठा आला. पण तुम्हाला इतक्या लवकर कळलं कसं? कार्ड तर मी दुपारीच टाकलंय."

"कसलं कार्ड?"

"सूचनेचं. तुम्ही नोंदवलेलं पुस्तक आलंय, सात दिवसांत घेऊन जा, म्हणून. वर तुमचं नाव, पत्ता, पुस्तकाचं..."

बोलता बोलता बाईंची जीभ अडखळली. काचवालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईंनी मागणीची वही ओढली आणि पान काढलं. समासात त्यांच्याच अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेलं होतं: घरी कळवू नये. स्वतः येऊन विचारतील. छापील नमुन्यात अशा गोष्टीसाठी रकानाच नव्हता, म्हणून त्यांनी ते समासात टिपून ठेवलं होतं. आणि आज चौदा पुस्तकं आल्यावर चौदा कार्डं एका बैठकीत लिहून, समासाकडे ढुंकूनही न बघता टपालपेटीत टाकली होती.

पुस्तकाचं नाव आडवळणाचं असतं तरी निभावलं असतं. पण ते अगदी सरळ होतं. विधवेचे मालमत्तेतील हक्क. उघड्या कार्डावर, ठसठशीत अक्षरात.

"परवा भाऊजी मला नोंदणी कार्यालयात नेणार आहेत," काचवाली खालच्या आवाजात म्हणाली. "दुकानातला ह्यांचा अर्धा वाटा आणि वरच्या दोन खोल्या त्यांच्या नावावर करायचा कागद आहे. म्हणतात, वहिनी, नुसती सही करायची, उपचार असतो."

"मग नाही म्हणून सांगा."

"कशाच्या जोरावर सांगू? माझं काय आहे आणि काय नाही, हे मलाच माहीत नको का? म्हणून तर पुस्तक मागवलं." तिने दाराकडे पाहिलं. "ते ओरडत नाहीत, बाई. ओरडले असते तर बरं झालं असतं. गोड बोलतात. त्यांना कळलं, तर सही उद्याच मागतील, आणि मी देऊन मोकळी होईन. मला त्यांची नाही, माझीच भीती वाटते."

"आता थोडं वाचून तरी जा."

"खिळे आणायला म्हणून निघालेय. दहा मिनिटं झाली."

ती गेलीसुद्धा. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. टपालपेटी तीनला उघडते, म्हणजे कार्ड केव्हाच आत गेलं होतं. वाचनकक्षातल्या दोघांना "आलेच" म्हणून त्या जवळजवळ पळतच टपाल कार्यालयात पोचल्या.

पोस्टमास्तर जाळीमागे बसले होते. हा माणूस बाईंना नेहमीच आवडायचा, कारण तोही नियमाबाहेर बोट हलवत नसे.

"साहेब, मी टाकलेलं एक कार्ड परत हवंय. चुकून गेलंय."

"पेटीत पडलं की ते तुमचं राहत नाही, बाई. पत्त्यावर ज्याचं नाव, त्याचं ते."

"अक्षर माझं आहे, ग्रंथालयाचा शिक्का आहे. अहो, त्या पोत्यात वरच असेल!"

"असेलही." पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "जिच्या नावचं आहे तिला उद्या साडेआठच्या आत इथे येऊन सही करून घेऊन जायला सांगा. तेवढं मला करता येतं. त्यानंतर पोस्टमन निघाला, की दार जो उघडेल त्याच्या हातात."

"तिला घरातून निघता येत नाही."

"मग माझा नाइलाज आहे. समजा, उद्या कुणी येऊन तुमच्याकडे विचारलं, अमुक बाई काय वाचते. सांगाल तुम्ही?"

बाई जाळीपासून मागे फिरल्या. काचवाली समोर उभी होती तेव्हाच, कार्ड बाईंकडे द्यावं असा तिच्या सहीचा दोन ओळींचा अर्ज लिहून घ्यायला हवा होता. आता तिला निरोप द्यायचा तर दुकानाच्या पायऱ्या चढाव्या लागणार, आणि गल्ल्यावर दीर.

संध्याकाळी बाईंनी ते पुस्तक स्वतः चाळलं. वाटणीचं प्रकरण सापडलं तिथे त्यांनी कागदाची पट्टी घातली. एकवीस वर्षांत पुस्तकं हरवली, फाटली, एक तर बादलीत पडलं. पण ग्रंथालयामुळे कुणाच्या घरात आग लागायची वेळ कधी आली नव्हती.

सकाळी साडेआठला त्या टपाल कार्यालयाबाहेर उभ्या होत्या. काचवाली आली नाही, येणारही नव्हती. पोस्टमन पिशवी खांद्याला लावून निघाला, तशा बाई त्याच्या बरोबरीने चालू लागल्या.

"फ्रेमवाल्यांकडचं कार्ड ना?" पोस्टमन म्हणाला. "उघडं कार्ड आहे बाई. मी वाचलंय."

"मग?"

"मग काय? तिच्याच हातात द्यायचंय, एवढं मी म्हणून बघतो. पण तिचा दीर हात पुढे करून उभा राहिला, तर मी झटापट करणार नाही. माझी पोरंबाळं आहेत."

ग्रंथालयाची वेळ नऊची. दाराला कुलूप तसंच ठेवून बाई त्याच्या मागोमाग गल्लीगल्लीतून हिंडत होत्या. शिंप्याकडे दोन पाकिटं, दवाखान्यात मासिक, कुंपणावरून कुणाला तरी हाक.

दुकानात दीर पुढेच होता. स्वच्छ शर्ट, नीट भांग, हसरा चेहरा. मागे लांबलचक टेबलावर काचवाली वाकून काच कापत होती. भिंतीशी म्हातारी सासू खुर्चीत बसून डब्यातले वाकडे खिळे वेगळे काढत होती.

"वहिनींचं टपाल आहे," पोस्टमन म्हणाला. "त्यांच्याच हातात द्यायचंय."

"कार्डच तर आहे. त्यात लपवण्यासारखं काय असणार?" हसत हसत दिराने ते त्याच्या बोटांतून अलगद काढून घेतलं.

शिक्काबाई पायरी चढून आत आल्या. "ते ग्रंथालयाचं आहे. माझ्या चुकीने..."

पण त्याची नजर ओळींवरून फिरून झाली होती. मागे काचेवर चाललेली हिऱ्याच्या लेखणीची करकर मध्येच थांबली.

"विधवेचे मालमत्तेतील हक्क," त्याने सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचलं. आवाज जराही चढला नाही. "वहिनी, हे कशासाठी? तुम्हाला काही विचारायचं होतं, तर मला विचारायचं ना. मी परका आहे का? बाहेरच्यांना सांगत फिरायची काय गरज होती?"

काचवाली उभी राहिली. बाईंना दिसलं, आणखी दोन मिनिटं तो असाच गोड बोलत राहिला, तर ही आत्ता, इथेच हो म्हणून टाकेल. त्यांच्या जिभेवर खोटं येऊन थांबलं होतं. मागणी दुसऱ्याच सभासदाची, नाव चुकून पडलं. एवढं म्हणायचं, की सुटली. एकवीस वर्षांत एक खोटी नोंद केली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं.

"मी मागवलंय," मागून आवाज आला.

सासू. तिने खिळ्यांचा डबा खाली ठेवला होता.

दिराला हसू आलं. "आई, तुला वाचता कुठे येतं?"

"म्हणून तर हिला मागवायला सांगितलं. ही वाचून दाखवेल, मी ऐकेन. का, मी विधवा नाही? बारा वर्षं झाली, मला कुणी धरतच नाही त्यात."

"अगं पण तुला काय करायचंय हक्कांशी?"

"तुझे बाबा गेले तेव्हा तू असाच एक कागद आणला होतास. अंगठा दे म्हणालास, दिला. कशावर दिला ते मला अजून कळलेलं नाही. मरायच्या आत कळलं तर बरं."

पोस्टमन चपलेकडे बघत राहिला. दिराच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आता ते तिथे कुणीतरी विसरून गेल्यासारखं दिसत होतं.

"मग कार्ड हिच्या नावावर का?" तो बाईंकडे वळला. "एकाच्या नावावर दुसऱ्याने पुस्तक मागवायचं, चालतं तुमच्याकडे?"

बाईंना हायसं वाटलं. ह्या प्रश्नाला खोटं बोलायची गरजच नव्हती.

"सभासदाला घरातल्या माणसासाठी पुस्तक नेता येतं. नियम सातवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायलाही मनाई नाही. पुस्तक सात दिवस राखून ठेवलंय, त्यातला एक गेला."

"आणि उद्याची वेळ? नोंदणीवाल्यांना मी सांगून बसलोय."

"ते थांबतील की," सासू म्हणाली. "सूनबाई, चप्पल घाल. मला ती पायरी एकटीला उतरवत नाही."

"आणि दुकान?"

"तू आहेस ना."

तिघी रस्त्याला लागल्या. म्हातारी दर वीस पावलांनी थांबत होती, आणि प्रत्येक थांब्यावर शिक्काबाईंना वाटत होतं, आता मागून हाक येणार. हाक आली नाही. कोपऱ्यावर वळल्यावर काचवालीने विचारलं, "आई, तुम्हाला कुणी सांगितलं पुस्तकाचं?"

"कुणी नाही. तू काच अर्ध्यात सोडलीस. अर्ध्यात सोडली की ती वाया जाते, हे तूच मला शिकवलंस. म्हटलं, काहीतरी मोठंच असणार."

काचवाली भर रस्त्यात रडायला लागली. सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, फक्त म्हणाली, "आधी वाचू. रडायचं नंतर बघू."

वाचनकक्षात मोठ्याने वाचायला बंदी होती. बाईंनी दोघींना मागच्या बांधणीच्या खोलीत बसवलं, खळीचे डबे बाजूला सारले आणि दार ओढून घेतलं. दुपारपर्यंत आतून काचवालीचा एकसुरी आवाज येत राहिला, आणि मधूनमधून म्हातारीचा, "हे परत वाच."

गुरुवारी नोंदणी कार्यालयात कुणी गेलं नाही. त्याऐवजी अकरा वाजता दीर ग्रंथालयात आला. वाचनकक्ष नेमका रिकामा होता.

"त्या दोघींनी काय वाचलं, ते कळेल का?"

"सभासद काय वाचतात ते आम्ही सांगत नाही."

"माझी आई आहे ती."

"कुणीही असो."

त्याने टेबलावर दोन्ही हात टेकले. मग त्याचा आवाज पहिल्यांदाच बदलला, जरा चिरकला. "दादा आजारी होता तेव्हा चार वर्षं मी एकट्याने दुकान ओढलं. ते नाही कुणी लिहिलेलं कुठल्या पुस्तकात. मला काय दरोडा घालायचा होता?"

बाईंना वाटलं, खरं असेलही. पण अंगठ्याचा कागदही खराच होता.

"मग ते पुस्तक मला द्या," तो म्हणाला. "मीही वाचतो."

"आधी सभासद व्हावं लागेल. आणि तुमच्या आधी त्यांची मुदत आहे. तुमचा नंबर दुसरा."

त्यांनी सभासदत्वाचा छापील नमुना पुढे सरकवला; तो फाडून दीर निघून जाईल असं त्यांना वाटलं. त्याने खिशातून पेन काढलं आणि सगळे रकाने भरले. पत्त्यापाशी थोडा थांबला, मग कार्डावरचाच पत्ता लिहिला.

पुढे वकिलाकडे तीन खेपा झाल्या. सासूने अंगठा दिलेला कागद निघाला. आपला हिस्सा तिने तेव्हाच लिहून दिला होता, आणि तो परत मिळण्यासारखा नव्हता. हे ऐकून म्हातारी दोन दिवस जेवली नाही. पण थोरल्याचा वाटा शाबूत होता. वरच्या दोन खोल्या आणि दुकानाचा अर्धा भाग काचवालीच्या नावावर चढला. महिनाभर दीर तिच्याशी बोलला नाही. मग एका सकाळी मोठ्या आरशाचं काम आलं, एकट्याला उचलेना, तेव्हा त्याने हाक मारली, "वहिनी, जरा दुसरी बाजू धरता का?"

तिने धरली. त्या आठवड्यात ती ग्रंथालयात आली, तेव्हा खिळ्यांचं निमित्त सांगून आली नव्हती, आणि वाचनकक्षात पंख्याखालची खुर्ची घेऊन बंद होईपर्यंत बसून राहिली.