कडीतून गेलेल्या नळ्या

मी एक लोखंडी कडी आहे. माझ्यातून दोन बोटं जातात, तिसरं अडतं. माझी किंमत तेवढ्यासाठीच. जी नळी माझ्यातून पार होते, तिने ओढ्याचं पाणी घ्यायला परवाना लागत नाही. अडली, की अर्ज, नकाशा, पाहणी, सगळं मागे लागतं.

लोहाराने मला मापाने घडवलं आणि मी पाणी-कचेरीतल्या तपासनिसांच्या खिशात जाऊन पडले. त्यांच्याबरोबर ओढाभर हिंडले. नियम वाईट नव्हता, बरं का. घरामागच्या चार वाफ्यांसाठी माणसाने कचेरीच्या पायऱ्या का झिजवाव्यात?

माणसं मात्र एकेक नमुना. एका कुंभाराने जाड नळी साबण फासून आणली.

"अहो, नळी आहे की अडलेली बाळंतीण?" तपासनीस हसले, पण सुईणीसारखी ओढून काढलीच. गेली ती गेली. वहीत नोंद पडली: परवाना लागत नाही.

अशा एकतीस नळ्या माझ्यातून गेल्या. सुरुवातीला आतून खरचटायचं. मग तेही कळेनासं झालं.

यंदा ओढ्याच्या शेवटाला राहणारी रोपवाटिकावाली आली, काखेत आपली कोरडी नळी घेऊन. चार हजार रोपं, आणि टाकीत आठ दिवसांचं पाणी.

"भाऊ, वरच्या नळ्या बंद करा."

"कुठली करू, ताई? सगळ्या कडीतून गेल्यात."

"मग सगळ्यांची मोळी बांधा आणि घाला की कडीत!"

"नियमात एकेक नळी लिहिलीय."

"ओढ्याला वाचता येतं का?"

हाताच्या सवयीने तपासनिसांनी तिच्या नळीवर मला चढवलं. अलगद गेली.

"तुम्हालाही परवाना लागत नाही," ते म्हणाले.

"कशाचा?" तिने विचारलं.

त्यांनी वहीत नोंद केली. नवव्या दिवशी रोपं माना टाकून पडली, असं कचेरीत कुणीतरी चहा पिताना सांगत होतं.

आता मी भिंतीवर खिळ्याला लटकते. बाहेर बाकावर एक नवा माणूस नळी घेऊन बसलाय. मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही, लोखंडच मी. तुम्ही लोखंडाचे नाही ना, म्हणून सांगते: मला खिळ्यावरून काढण्याआधी एकदा ओढ्याच्या काठाने पार शेवटापर्यंत चालत जा.