मोरबा दिसला तेव्हा

"मेला नाही तो," पूर्वा म्हणाली. टीव्हीवर अजून नावं सरकत होती.

संजय ओव्हाळने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "अगं, दार बंद झालं, आत सगळं जळालं. तुझ्या डोळ्यांदेखत."

"बॉडी दाखवली का?"

"काय?"

"मोरबाची बॉडी दाखवली का त्यांनी? नाही ना? बॉडी दाखवत नाहीत तोवर कुणी मेलेलं नसतं, पप्पा. रूलच आहे तो. आमच्या वर्गात सगळ्यांना माहितीय."

मेथी निवडत बसलेल्या कांताबाई, म्हणजे संजयची आई, मान वर न करता म्हणाल्या, "कार्टुनातलं माणूस मेलं काय अन् जगलं काय. ऊठ, अभ्यासाला बस."

पूर्वा उठली नाही. शेवटचं नाव सरकून पडदा काळा होईपर्यंत ती बघत राहिली. संजयला वाटलं, पोर आता रडेल. पण तिचा चेहरा कोरडा होता. रिझल्टची वाट बघणाऱ्या माणसाचा असतो तसा.

'तारावाट' ही परदेशातली मालिका, मराठीत बोलती केलेली. दर शनिवारी संध्याकाळी सहाला नवा भाग यायचा. अरुंधती नावाचं यान, त्यावरची सात माणसं (माणसं आपली म्हणायची, एकाला तर शेपूट होतं) आणि खाली इंजिनाशी झटणारा चार हातांचा म्हातारा मोरबा. मोरबा उठता-बसता कुरकुरायचा. "हे यान नाही, भंगार आहे भंगार," म्हणायचा आणि चारही हातांनी तेच भंगार पुसत राहायचा. जयाला, म्हणजे पूर्वाच्या मम्मीला, तो फार आवडायचा. पोस्टातून घरी आली, की शनिवारी ती पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसायची आणि मोरबा दिसला रे दिसला, की पूर्वाला कोपराने ढोसायची. "आले बघ तुझे पप्पा."

संजय खडकीच्या कारखान्यात टर्नर होता. चोवीस वर्षं लेथवर उभा राहून तोही बराच कुरकुरला होता. "मला दोनच हात आहेत," असं तो म्हणायचा आणि दोघी खिदळायच्या.

मागच्या ऑगस्टमध्ये जयाला सोमवारी ताप आला. मंगळवारी रक्त तपासलं, डेंगी निघाला. बुधवारी ॲडमिट केलं. शुक्रवारी दुपारी ती गेली. तिला चाळिसावं चालू होतं.

मंगळवारीच पूर्वाला शाळेचा ड्रेस, दप्तर आणि चार कपडे देऊन हिंजवडीला निकिताकडे, म्हणजे जयाच्या धाकट्या बहिणीकडे पोचवलं होतं. शुक्रवारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर कांताबाई म्हणाल्या, "लेकराला आणू नगं. जन्मभर ते चित्र डोळ्यापुढं ऱ्हाईल तिच्या." संजयने मान हलवली. त्या दिवशी त्याला कुणीही काहीही सांगितलं असतं, तरी त्याने मान हलवली असती. रविवारी तो हिंजवडीला गेला आणि सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसून त्याने पूर्वाला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशीकडे माझी वॉटरबॅग राहिलीय." सगळे नातेवाईक म्हणाले, मुलगी फार समजूतदार आहे.

मोरबाच्या भागानंतरच्या मंगळवारी शाळेतून निरोप आला. सहलीच्या फॉर्मवर पालकांची सही राहिली होती. पूर्वा क्लासला गेली होती. संजयने तिचं दप्तर उघडलं. फॉर्म शोधता शोधता हाताला एक शंभरपानी वही लागली. वर यानाचं स्टिकर. त्याने ती सहज चाळली.

आत पट्टीने आखलेले रकाने होते. नाव. सीझन. बॉडी दिसली का. परत आला का. खाली टापटीप अक्षरात नोंदी. टिकटिक रोबो, सीझन एक, नाही, हो. राणी वेदा, सीझन एक, हो, नाही. शेपटीवाला कोमू, सीझन दोन, नाही, हो. पुढच्या पानांवर दुसऱ्या मालिकांतलीही नावं होती. स्फोटात सापडलेली, बर्फात गोठलेली, ताऱ्यात पडलेली. एकेकाचं मरण तिने नीट तपासून मांडलं होतं. जे दिसले ते परत आले नव्हते. जे दिसले नव्हते, त्यांतले बहुतेक आले होते. शेवटची नोंद मोरबाची. त्याचा शेवटचा रकाना रिकामा होता.

मोरबाच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं: मम्मी.

सीझनच्या जागी आडवी रेघ. बॉडी दिसली का: नाही. परत आला का, या रकान्यात तिने पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं. किती वेळा ते सांगता येत नव्हतं, पण कागद त्या जागी झिजून पातळ झाला होता. उजेडात धरला तर पलीकडचा हात दिसला असता.

संजय तिथेच फरशीवर बसला. कामावर एखादा जॉब, म्हणजे लेथवर कातलेला तुकडा, केसाएवढा कमीजास्त झाला, तरी तो बाजूला काढायचा. साहेबाने 'चालतंय' म्हटलं तरी काढायचा. आणि घरात ही पोर सात महिने कशावर उभी होती, ते त्याला कळलं नव्हतं.

वही होती तशी ठेवून तो स्वयंपाकघरात गेला. "आई, आपण तिला आणायला पाहिजे होतं."

कोणाला, कुठे, हे कांताबाईंनी विचारलं नाही. त्यांनी गॅस बारीक केला. "तुझा बाप गेला तवा तू नऊ वर्षांचा होतास. तुला मी आणलं होतं मयताला. तू वर्षभर झोपेत किंचाळत उठायचास. म्हणून म्हणलं."

"मला आठवत नाही किंचाळलेलं."

"मला आठवतंय," कांताबाई म्हणाल्या.

बुधवारी सांगू म्हणता म्हणता बुधवार गेला. गुरुवारी पूर्वाचा गणिताचा पेपर होता. शुक्रवारी त्याने सुरुवात केली, "पूर्वा, बाळा, तुझी मम्मी..." आणि तिने इतक्या सरळ नजरेने वर पाहिलं, की तो म्हणाला, "मम्मी ती पोह्याची डाळ कुठे ठेवायची गं?" पोह्यांत डाळ घालत नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

शनिवार आला. सहा वाजता पूर्वा वही घेऊनच सोफ्यावर बसली. संजय शेजारी बसला.

यानावरची माणसं कुठल्याशा चंद्रावर उतरली होती. इंजिनखोलीचं दार वितळून चिकटलं होतं. कप्तान सई ते कापून काढत होती. "आता दार उघडेल आणि तो आत नसेल," पूर्वा पुटपुटली. "त्याने मागून बोगदा काढला असणार. चार हात आहेत त्याला."

दार उघडलं. मोरबा आत होता.

त्यांनी तो दाखवला. आडून नाही, सावलीतून नाही, पूर्ण दाखवला. भिंतीला पाठ लावून बसलेला. दोन हात मांडीवर, दोन हात इंजिनाच्या दांड्यावर घट्ट आवळलेले. तो दांडा त्याने धरून ठेवला म्हणून बाकीचे वाचले होते. कप्तान सईने त्याची बोटं एकेक करून सोडवली. कोमूने पाणी आणलं. सईने स्वतःच्या बाहीने त्याच्या तोंडावरची काजळी पुसली. मागे संगीत नव्हतं. कुणी भाषण केलं नाही. सगळे एकामागोमाग आले, त्याच्याजवळ बसले आणि उठून गेले.

"नाही," पूर्वा म्हणाली. मग मोठ्यांदा, "नाही दाखवायचं ना! कशाला दाखवला? तो येणार होता!" तिने रिमोट भिरकावला. तो भिंतीवर आपटून फुटला, सेल कॉटखाली घरंगळत गेले. कांताबाई आतून धावत आल्या आणि दारातच थांबल्या. संजयने उठून टीव्हीचं बटण बंद केलं.

पूर्वाने वही छातीशी घेतली.

"तुम्ही मम्मीला पाहिलंत?" तिने विचारलं.

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"सांगा."

कांताबाई म्हणाल्या, "संजय..." त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"डोळे मिटलेले होते?"

"अर्धे उघडे होते. मी मिटवले."

"गार होती?"

"हात गार होते. कपाळ नव्हतं अजून."

"कुठली साडी?"

"पांढरी. नवी आणली. आजीने नेसवली. मग बुद्धवंदना झाली, सगळ्यांनी फुलं वाहिली. निकिता मावशीने केस विंचरले."

"मावशी आली होती?" पूर्वाचा आवाज चिरकला. "मला म्हणाली, ऑफिसला जातेय. मला मॅगी करून दिली आणि ऑफिसला जातेय म्हणाली."

संजयने जमिनीवरचा फुटका रिमोट उचलून टीव्हीपाशी ठेवला.

"केसांना काय लावलं होतं?"

"रबर होतं. लाल. तुझं. दवाखान्यात जाताना घाईत तिने तुझंच लावलं होतं. विंचरून झाल्यावर तेच परत बांधलं. मी ते काढलं नाही."

"म्हणजे ते पण...?"

"हो."

पूर्वाने मान खाली घातली. आता विचारू नकोस, संजय मनात म्हणाला. तिने विचारलंच.

"माझं काही म्हणाली?"

इथे खोटं बोलता आलं असतं. 'तुझी आठवण काढत होती' एवढं म्हटलं असतं, तरी ते खोटंही ठरलं नसतं. कांताबाईही दारातून त्याच्याकडे तेवढ्यासाठीच बघत होत्या.

"गुरुवारी संध्याकाळी म्हणाली, पूर्वाला आणा. मी म्हटलं, नळ्या लावल्यात तुला, घाबरेल ती. घरी आल्यावर भेट. मग परत म्हणाली, लांबून दाखवा. दारातून तरी दाखवा."

"मग?"

"नाही आणलं मी. मला वाटलं, बरी होईल."

पूर्वा उठली. फ्रिजपर्यंत गेली, त्याच्या दारावर कपाळ टेकवलं आणि रडायला लागली. मागच्या ऑगस्टपासून न रडलेलं सगळं. मोरबाचं नाव घेऊन रडली, मम्मीचं नाव घेऊन रडली, मध्येच दोघांची नावं एकमेकांत मिसळली. संजयने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हात नका लावू."

त्याने हात काढला. पण तो तिथून हलला नाही. ती रडत होती तेवढा वेळ, हातभर अंतरावर, उभा राहिला.

त्यानंतर आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. काही हवं असलं की आजीला सांगायची, "त्यांना सांग, फी भरायचीय." कांताबाई निरोप पोचवायच्या. त्यांनी एकदाही तिला दटावलं नाही. निकिताने दोनदा फोन केला. पूर्वाने घेतला नाही. तिसऱ्यांदा घेतला, पाच मिनिटं नुसती ऐकत राहिली आणि "बरं मावशी" म्हणून ठेवला. शनिवारी सहा वाजता टीव्ही बंदच होता.

रविवारी दुपारी ती चपला घालून दारात उभी राहिली. "मला तिथं जायचंय."

"कुठे?"

"मम्मी होती तिथं."

दवाखान्याच्या फाटकाशी भेटीच्या वेळेची गर्दी होती. डबे, शहाळी, थर्मास. टेबलामागे बसलेला वॉचमन रजिस्टरवरून नजर न काढता म्हणाला, "पेशंटचं नाव?"

पूर्वा पुढे झाली. "जया संजय ओव्हाळ."

वॉचमनने बोट फिरवलं. "या नावाचं कोणी नाही. ॲडमिट कधी झाल्या?"

"ऑगस्टमध्ये."

"हा मार्च चाललाय. मधले सहा महिने काय सुट्टीवर होता आपण?" असं म्हणत त्याने मान वर केली. आधी मुलीकडे पाहिलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे. पेनाचं टोपण त्याने दोनदा लावलं आणि काढलं. मागची बाई म्हणाली, "अहो, आटपा की." तो तिला म्हणाला, "वेळ सहापर्यंत आहे, दवाखाना कुठे पळून जात नाही." मग पूर्वाला विचारलं, "कितवा मजला होता, बाळ?"

पूर्वाने वडिलांकडे पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच पाहिलं.

"तिसरा," संजय म्हणाला. "डावीकडचा वॉर्ड. खिडकीजवळची कॉट."

वॉचमनने रजिस्टरमध्ये सावकाश लिहिलं. पेशंटच्या रकान्यात, जया संजय ओव्हाळ. भेटायला येणाऱ्याचं नाव त्याने विचारून घेतलं. पुढे लिहिलं, नातं, मुलगी. वेळ, चार पन्नास.

"पास एकालाच मिळतो," तो म्हणाला आणि प्लॅस्टिकचा पिवळा बिल्ला पुढे केला.

संजयचा हात उचलला गेला होता. त्याने तो मागे घेतला. पूर्वाने बिल्ला घेतला, मुठीत धरला आणि ती डबेवाल्या माणसांमधून जिन्याकडे गेली. वळणावर एकदा थांबली. मग वर गेली.

वॉचमनने पायाने स्टूल सरकवलं. "बसा साहेब."

"नको," संजय म्हणाला. माणसं येत होती, नावं सांगत होती, पिवळे बिल्ले घेऊन वर जात होती. तो भिंतीला लागून, जिना दिसेल असा उभा राहिला.