भिंतीवरची भुजली

बैठकीच्या भिंतीला अंकुर फुटलेले पाहिले तेव्हा माझ्या तोंडून जी शिवी गेली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. भिंत वाळली की नाही ते बघायला गावातला पोरगा कमलेश आणि मी सकाळीच आत गेलो होतो. दारं-खिडक्या बंद, आत अंधार. कमलेशने मोबाइलचा उजेड टाकला आणि बघतो तर काय, अख्ख्या भिंतीला दाढी आलेली. पिवळट, बोटभर, दाट. धान उगवलं होतं. आम्ही सगळ्यांनी घाम गाळून लिंपलेल्या भिंतीवर!

"काकू, हे काय होऊन बसलं वो?" कमलेश म्हणाला.

"दिसत नाही का तुले? धान होय. आता युरिया टाक अन् पाणी दे."

राग त्याच्यावर नव्हता. पण समोर तोच होता, त्याला मी काय करू?

बैठक म्हणजे आमच्या गावाचं सभागृह. दिघोरीच्या पुढे आमचं गाव, आणि गावाच्या मधोमध ही बैठक. आमच्या आजे-सासऱ्यांच्या पिढीने जंगलातून सागाचे खांब बैलगाड्यांवर आणून, मातीच्या भिंती घालून, वर कवेलू, म्हणजे कौलं, चढवून ती बांधली. गावची पहिली शाळा तिथेच भरली. लग्नं तिथे लागली, भांडणं तिथे मिटली आणि खोटं कशाला बोलू, बरीच सुरूही तिथेच झाली. मग ती हळूहळू खचत गेली. पंचायतीने सांगितलं, पाडू आणि सिमेंटचा सभामंडप बांधू. कमलेशने गावातली पोरं-बाया गोळा केल्या आणि म्हटलं, आम्ही दुरुस्त करतो. त्यावर ठरलं असं, की पंधरा ऑगस्टची ग्रामसभा बैठकीतच भरेल. लोकांनी डोळ्यांनी बघावं आणि हात वर करून सांगावं, ठेवायची की पाडायची.

आता त्या लोकांना आम्ही काय दाखवणार होतो? शेत?

चूक कशी झाली तेही सांगते. माती लिंपायची तर तिच्यात शेण आणि बारीक तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, कालवावी लागते, नाहीतर भिंत तडकते. पूर्वी तणीस असायची बैलांच्या पायाखाली तुडवलेली, तिच्यात दाणा म्हणून उरायचा नाही. यंदा हाताशी होती ती उन्हाळी धानाची, मशीनने कापलेली. मशीन घाईचं, निम्मे दाणे तणशीतच ठेवून जातं. हे आम्हा प्रत्येकाला माहीत होतं, कारण तीच तणीस टाकली की कोंबड्या कशा तुटून पडतात ते आम्ही रोज बघतो. पण मातीची भिंत लिंपून गावाला इतकी वर्षं झाली होती की कालवताना एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. शेतकऱ्यांचं गाव, आणि भिंतीवर धान पेरून मोकळं झालं.

माझा जीव त्या बैठकीत अडकला होता, त्याला कारण आहे. कोरोनाच्या वर्षी पूर आला तेव्हा आमचं घर बसलं. नदीकडची सगळी आळी बैठकीत येऊन राहिली. माझ्या सुनेचे, खुशबूचे, दिवस भरले होते. रस्ता पाण्याखाली, गाडी यायची कुठून? दाराजवळच्या खांबाशी लुगड्यांचा आडोसा केला आणि तिथे माझी नात मोना जन्मली. तिला जगात आणलं विमलाबाईंनी. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर होऊन गावात राहायला आलेल्या. त्या दिवसापासून मी जी भेटेल तिला ती गोष्ट सांगत आले. बैठकीने छत दिलं, विमलाबाईंनी पोर दिली. मी देवापुढे दिवा लावते तेव्हा दोघींचं नाव घेते.

आणि त्याच विमलाबाई बैठक पाडा म्हणत होत्या.

उन्हाळ्यात कमलेशच्या मीटिंगमध्ये त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लीला, तुले त्या खांबाईचं लय प्रेम आहे. पण त्या छताखाली मी आता एकही बाई जाऊ देणार नाही. पाडा ते अन् पक्कं बांधा."

मी तडकले. "मंग तुमीच पाडा ना, बाई! ज्या हातानं पोरगी जन्मवली, त्याच हातानं पाडा!"

झालं. त्या दिवसापासून अबोला. बोअरिंगवर पाण्याला गेलो तर एकीची पाठ एकीकडे. गावातल्या बाया विमलाबाईंचं ऐकतात. आजारी पोर घेऊन अर्ध्या रात्री त्यांच्याच दारात जातात, ऐकणार नाहीत तर काय? त्या सभेत नाही म्हणाल्या की बैठक गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अंकुरांची बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. रोवणी आटोपलेली, लोक रिकामे. जो तो बघायला. "लीलाबाई, कापणीले मजूर लागन का वो?" "पीकविमा काढला का?" मी एकेकाला उत्तरं देत होते, तीही ठेवणीतली. मग विमलाबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या, भिंत पाहिली, वर छताकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता गेल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी कमलेशच्या हाताला धरून चंद्रभागाबाई आली. गावातली सगळ्यात म्हातारी. तिचं माहेर तुमसरकडचं, आणि लग्न होऊन आली तेव्हा तिकडची भुजली तिने आमच्या गावात आणली. टोपलीत माती भरून गहू पेरायचा, टोपली अंधारात ठेवायची. अंधारात तो पिवळा उगवतो. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते कोंब उपटून घरोघर वाटायचे, एकमेकांच्या कानावर खोचायचे. लहानाने पाया पडायचं, बरोबरीच्याने गळाभेट घ्यायची. वर्षभराचं भांडण तिथे संपलं. यंदा म्हातारी दुखण्यातून उठलेली, तिच्याने पेरणं झालंच नव्हतं.

तिने भिंतीवरून हात फिरवला. मग हसायला लागली, ती थांबेचना.

"मी म्हणत होती, यंदा भुजली राहिली. हे काय, इथंच तर उगवली!"

"आजी, भुजली गव्हाची असते," कमलेश म्हणाला.

"असू दे ना बाबू. माती तेच, अंधार तेच. उद्या राखी. परवा उपटा अन् वाटा." मग तिने मान वळवली आणि नेमकं माझ्याकडे तोंड केलं. "अन् ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याले पयले द्यायची."

जमलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारीचे डोळे गेलेत म्हणतात. गेलेत कसले!

भुजलीच्या दिवशी बैठकीत पोरांची आणि बायांची झुंबड उडाली. कोंब उपटले की मातीचा खडा सोबत यायचा आणि भिंतीला भोक पडायचं. कमलेश कपाळाला हात लावून बसला. मी माझी मूठ भरली आणि निघाले. म्हातारीचा शब्द मोडायची आमच्या गावात पद्धत नाही.

विमलाबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. मागे भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. मी मूठ पुढे केली.

त्यांनी सूप थांबवलं नाही. "तुमच्या पूजेचं असन. मले कायले?"

"पूजेचं नाही जी. बैठकीच्या भिंतीचं आहे."

त्या हसल्या. हसायचं नव्हतं, पण हसू आलं. मग सूप खाली ठेवलं.

"लीला, तू सगळ्याईले सांगत फिरतेस. पोरगी आली अन् टाहो फोडला म्हणून."

"फोडलाच ना. मी ऐकला ना."

"तुले आडोशाच्या भायेर काय दिसणार? तू खांबाले धरून उभी होतीस. पोरगी आली, पण रडलीच नाही. निळी पडली होती. तिच्या नाकातोंडातलं पाणी काढून राहिली, पाठ चोळून राहिली, अन् वरतून कवेलूतलं पाणी टपटप माह्या हातावर. हात घसरून राहिले. पुसू कायनं? सगळं ओलं. खुशबू विचारून राहिली, बाई, पोरगी काहून रडत नाही? मी म्हटलं, रडन बाई, रडन. मंग ती रडली. मधात किती वेळ गेला, ते मलेच माहीत."

मी तिथेच खाली बसले.

"तुले ते खांब दिसते," त्या म्हणाल्या. "मले ते टपकणारं कवेलू दिसते. अजून झोपेत दिसते."

पाच वर्षं या बाईने माझ्या तोंडून ती आनंदाची गोष्ट ऐकली, आणि एकदाही मला अडवलं नाही. पोर माझ्या हातात दिली आणि तिची भीती मात्र स्वतःजवळ ठेवली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी काही रडूबाई नाही, पण त्या दिवशी रडले. त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, भुजली होती म्हणून नाही.

"ऊठ, ऊठ. तांदरात पाणी पाडशील."

मी नाक पुसलं. "बाई, सांगा मंग. काय केलं म्हणजे तुमची भीती जाईन?"

"थेंब नाही पडला पायजे. बस. अन् बायाईसाठी दार लागन अशी एक खोली, लाइट, पाणी, संडास. मंग ठेव तुझे खांब."

"अन् भुजली?"

"ठेव तिथं. पाहू," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सूप उचललं.

मी तशीच बैठकीत गेले. कमलेश भिंतीची भोकं बुजवायच्या तयारीला लागला होता. त्याला म्हटलं, "भिंत राहू दे. पयले दाराजवळचं छत."

"काकू, कवेलू तर आपण उन्हाळ्यातच काढून फेरून बसवले. माकडाईनं दोन-चार फोडले असन. कवेलूचं घर म्हटलं की थेंब पडतेच."

"नाही पडला पायजे. एकही नाही."

माझ्या आवाजात काहीतरी असावं, त्याने पुन्हा विचारलं नाही. पाऊस उघडला की पोरं वर चढायची. दाराजवळचे सगळे कवेलू काढले, कुजलेल्या पट्ट्या बदलल्या, खाली पत्रा घातला आणि वर पुन्हा जुनेच कवेलू बसवले. दाराच्या बाजूला खोलीची जागा आखून चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या. भिंतीसाठी घरोघरून जुनी तणीस आली. कोणी गोठ्याच्या माळ्यावरून काढली, कोणी म्हशीच्या तोंडची ओढून आणली. बाया हाताने दाणा-दाणा चाचपत होत्या आणि एकमेकींना टोमणे मारत होत्या. त्या सगळ्यांचे उपकार मी कुठे फेडू? ज्यांची घरं पुरात बसलीही नव्हती, तेही आले होते.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि जो पाऊस लागला, तो थांबायलाच तयार नाही. गाव बैठकीत शिरलं. ओली माती, ओले कपडे, पोरांचा गोंगाट. सरपंचाने विषय वाचायला घेतला. तेवढ्यात विमलाबाई आल्या.

त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. छत्री मिटून दारात ठेवली आणि सरळ त्या खांबापाशी गेल्या. तिथे उभं राहून त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर करून. आणि तशाच उभ्या राहिल्या.

सरपंच वाचता वाचता थांबला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कमलेशने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. वर पाऊस नुसता कोसळत होता. मी मनात सगळ्या देवांना आळवलं, बुद्धालाही सोडलं नाही. तो हात तसाच होता.

किती वेळ गेला, ते त्यांनाच माहीत.

मग त्यांनी तळवा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, पदरावरून एकदा फिरवला आणि खांबाला टेकून बसल्या. मोना धावत जाऊन त्यांच्या मांडीत शिरली. पोरीला सावरायला त्या वाकल्या तेव्हा मला त्यांचा अंबाडा दिसला. त्यात भुजली खोचली होती, पार वाळलेली, आमच्या भिंतीची.

"ठेवायच्या बाजूनं कोण?" सरपंचाने विचारलं.

विमलाबाईंनी तोच कोरडा हात वर केला.