दुसरा फटका

कामावर मारामारी झाली की आपण सगळे एकच विचारतो, आधी हात कोणी उचलला? होंडे खोऱ्यातल्या चहाच्या कारखान्यातही तेच झालं, आणि उत्तर गारिकाई मुकादमाच्या सोयीचं होतं. शादरेक या मजुरानं फावड्याचा दांडा आधी त्याच्या खांद्यावर हाणला होता. गारिकाईनं तो हिसकावून त्यालाच हाणला. शादरेकचं मनगट मोडलं. त्यानं मारहाणीची तक्रार केली. मंगळवारी चौकशी होती आणि दोषी ठरेल त्याची नोकरी जाणार होती.

"मी फक्त स्वतःला वाचवलं," हे गारिकाईनं इतकं घोकलं होतं की घरी मक्याच्या पिठाचा साझा खातानाही तेच तोंडून निघालं. समोर मार्वेई आत्या होती. घरात शेवटचा शब्द तिचा.

"बरं केलंस. मार खायला तू काय ढोल आहेस? पण फटके किती मारलेस?"

"दोन."

"पहिल्यानंतर तो काय करत होता रे?"

चोराच्या मनात चांदणं! गारिकाईचा घास हातातच राहिला. शादरेक खाली बसून, मोठ्यांची माफी मागताना वाजवतात तशा हलक्या टाळ्या वाजवत होता. दुसरा फटका त्या हातांवरच पडला होता. कोणी पाहिलं नव्हतं. गारिकाईनं घास परत ताटात ठेवला, आणि आत्या काय ते समजली.

"पहिला जीव वाचवायला मारलास, बाबा. दुसरा रागापायी. त्याला बचाव म्हणू नकोस."

मंगळवारी चौकशी करणाऱ्या साहेबांपुढे तिथल्या रीतीप्रमाणे गारिकाईनं टाळ्या वाजवून नमस्कार केला. शादरेकचा हात प्लास्टरमध्ये होता. तो वाकला आणि दुसऱ्या हातानं आपल्याच मांडीवर थापट्या मारू लागला. गारिकाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या टाळ्या आपण ऐकल्या नाहीत, त्या आता या माणसाला वाजवताच येत नाहीत!

"दुसरा फटका मारला तेव्हा दांडा माझ्या हातात होता," तो म्हणाला, "आणि हा माफी मागत होता. ती मारहाणच होती, साहेब."

गारिकाईची अठरा वर्षांची नोकरी गेली. शादरेकला पहिल्या फटक्याबद्दल ताकीद मिळाली. त्या दुपारी गारिकाई त्याच्या अंगणात जाऊन बसला आणि टाळ्या वाजवत राहिला. शेवटी शादरेकनं मान वर केली. मग माफी स्वीकारल्यासारखी त्याच्या मांडीवर एक थाप वाजली.

मंडळी, स्वतःला वाचवायचा हक्क सगळ्यांनाच आहे. पण समोरचा थांबला की तो हक्क संपतो. म्हणून पहिला फटका कोणाचा हे विचाराच, पण शेवटचा कशासाठी मारला, हेही स्वतःला विचारा.