रॉकेलचा आळ

जगनचं डोकं कालपासून फिरलेलं होतं. गोदूवहिनींनी त्याला भर गल्लीत चोर म्हटलं होतं, तेही पहाटे, अख्खी गल्ली पाणी भरायला बाहेर असताना. "चांगलं डिझेल काडून इकतस आनि टाकीत रॉकेल वततस! म्हनून गाडी खोकते!" कामोठ्याच्या बाजारात भाजी विकून कमावलेला तो आवाज, चार भिंतींत राहणारा थोडाच होता?

गाडी जुनी डिझेल पिकअप, थोरल्या भावाची. काशिराम गेला तेव्हा वहिनींनी त्याचा भाजीचा गाळा हातात घेतला आणि जगनने स्टिअरिंग. पहाटे वाशीच्या मार्केटातून माल आणायचा, उजाडेपर्यंत गाळ्यावर उतरवायचा. दिवाळीनंतर थंडी पडली आणि गाडीने छळायला सुरुवात केली. चावी फिरवली की नुसती घरघर, मग पांढऱ्या धुराचा लोट, आणि चालू झालीच तर सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडायची. माल उशिरा यायला लागला. त्यात शेजारच्या महादेवने रॉकेलचं पिल्लू सोडून दिलं. ह्या महादेवने जन्मात स्टोव्हखेरीज काही पेटवलं नव्हतं, पण बोलायला काय जातंय!

आज जगन स्टिअरिंगवर बसलाच नाही. त्याने बॉनेट उघडलं आणि वहिनींना हाक मारली. महादेवलाही बोलावलं. "आज मार्केट नंतर. आदी निकाल," तो म्हणाला.

डिझेलचा कॅन त्याने काल महादेवलाच पंपावर पाठवून भरून आणवला होता. म्हणजे पुन्हा तोंड उघडायला जागा नको. टाकीची नळी काढून त्याने कॅनमध्ये सोडली, लाइनमधली हवा काढली. "हं, महादेवदादा, तुमीच आनलंय हे. मारा सेल्फ."

महादेवने चावी फिरवली. घरघर, पांढरा धूर, तीच थडथड.

"बगा! ह्याच्यात पन रॉकेल काय?" जगन ओरडला. "आनि रॉकेल असतं तर दिवसभर तरास दिला असता. दुपारी हीच गाडी एका चावीत चालू व्हते, ते नाय दिसत कोनाला?"

महादेव खाली उतरला आणि स्वतःच्या बुटांकडे पाहू लागला. वहिनी हाताची घडी घालून उभ्याच होत्या. "मंग काय झालंय, ते तरी सांग," त्या तोऱ्यात म्हणाल्या. त्या तोऱ्याने जगनला आणखीच चीड आली.

त्याने बल्बला वायर जोडून आणली होती. गार इंजिनला पेट घ्यायला आधी ऊब लागते. ती देणारे हीटर प्लग इंजिनात असतात. त्याने वहिनींना चावी अर्धी फिरवून धरायला लावली आणि बल्ब प्लगला टेकवला. बल्ब लागला नाही. दुसऱ्याला, तिसऱ्याला, कुठेच उजेड नाही. समोर डॅशबोर्डवर हीटरचा दिवा तेवढा इमानदारीत लागत होता, आणि करंट मात्र पोचतच नव्हता. जगन वायर चाचपत मागे मागे गेला, प्लगना करंट सोडणाऱ्या डबीपर्यंत, रिलेपर्यंत. रिलेची टोकं गंजून हिरवीगार झाली होती. त्यांच्या बरोब्बर वर, काळ्या दोऱ्याने बांधलेली, एक ओली पुरचुंडी लोंबत होती.

त्याने ती तोडून उघडली. आत मीठ, मोहरी, दोन मिरच्या. मिठाने दमट हवा पिऊन पाणी सोडलं होतं, आणि ते थेंब थेंब रिलेवर गळत राहिलं होतं.

"हे कोनी बांदलं?"

वहिनींची घडी सुटली. "मी," त्या म्हणाल्या. "जासईला तू ट्रेलरखाली जाता जाता वाचलास ना, तवा. समोर लिंबू बांदलं का तू काडून फेकतस. म्हनून आत बांदलं. मामंजींच्या मिठागराचं शेवटचं मीठ व्हतं. तुला नजर लागू नये म्हनून."

जगनला बापाची आठवण आली, वहिनींची दयाही आली, आणि राग मात्र होता तिथेच राहिला. त्याने टोकं पॉलिश पेपरने घासली, वायरी बसवल्या, बल्ब लागतोय ते पाहिलं, नळी परत टाकीला जोडून हवा काढली. आत बसून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबला आणि सेल्फ मारला. गाडी एका दमात चालू झाली. धूर नाही, थडथड नाही.

वहिनी खिडकीशी आल्या. "चुकलं माजं, जगन," त्या हळूच म्हणाल्या.

"हे मना कशाला सांगता? मी चोर नाय, ते मना ठावं हाय. काल बोलताना आवाज केवडा व्हता तुमचा?"

"तू वाचावास म्हनून बांदलं व्हतं रं!"

"ठावं हाय. तरी सांगा."

वहिनींचा चेहरा लालबुंद झाला. क्षणभर वाटलं, आता ही बाई त्याच्या थोबाडीत देणार. मग त्या वळल्या, गल्लीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि गिऱ्हाईक बोलवायच्या आवाजात ओरडल्या, "आयका सगली! जगननी डिझेल इकलं नाय! टाकीत रॉकेल नव्हतं! खोटं बोल्ले मी!" नळावरच्या बायका हंडे धरून बघत राहिल्या. वहिनींनी ते पुन्हा एकदा सांगितलं, गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे तोंड करून.

मग डोळे पुसत त्या आल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या. जगनने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"दरवाजा नीट लावा," तो म्हणाला आणि त्याने गिअर टाकला.