शनिवारचं चित्र

ताई वारली आणि आईविना चिमीचा दिवसच विस्कटला. सात वर्षांची पोर, बोलायची मोजकंच. पुढे काय होणार हे कळलं नाही, की कानांवर हात दाबून किंचाळत सुटायची. शेवटी मावशी आपलं शिवणयंत्र घेऊन बहिणीच्या घरी राहायला आली.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आठवडा तिला चित्रांतून डोळ्यांनी दिसू दे. पण जे खरंच होणार आहे तेच लावा हं."

मावशीने उरल्यासुरल्या कापडाच्या सात पट्ट्या जोडून भिंतीवर लावल्या, प्रत्येक वाराला वेगळा रंग. पुठ्ठ्यावर दूध, बस, शाळा, आंघोळ काढून मागे वेल्क्रो चिकटवला. खाली एक खिसा शिवला. काम उरकलं की चित्र पट्टीवरून काढायचं, 'झालं' म्हणायचं, खिशात टाकायचं. चिमीचं किंचाळणं हळूहळू थांबलं.

"तुझ्या हाताला गुण आहे गं," भाऊजी म्हणाले.

मग एका सकाळी शनिवारच्या पट्टीवर नवंच चित्र दिसलं. चिमीने स्वतः काढलेलं. पांढरा कोट, खांद्याला पिशवी. ताई औषधांच्या दुकानात कामाला होती, शनिवारी दुपारीच सुटायची.

"आई नाही येणार, राजा," म्हणत मावशीने चित्र पट्टीवरून काढलं. चिमीने ते तिच्या हातातून घेऊन परत लावलं. रडली नाही. "शनिवार," एवढंच म्हणाली.

"काढून टाक ते," भाऊजी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"मी काढते, ती लावते. तुम्हीच काढा बघू."

भाऊजींचा हात पुढे गेला आणि तिथेच राहिला.

शनिवारी भाऊजी कामावर गेले नाहीत. चांगला चालणारा पंखा उगाच उघडून बसले. मावशीच्या मशीनची सुई मोडली. जेवणं झाली, भांडी झाली. चिमी उठली, कडी काढून तिने दार उघडलं.

जिना रिकामा होता. चिमीची मान हळूहळू वर गेली, मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी, आणि ती हसली. बाजूला झाली. मग कुणाची पिशवी अडकू नये तसं जपून दार लावलं.

भाऊजी आतल्या बोळात उभे होते.

"बाबा, सरक."

ते भिंतीला चिकटले. चिमी एक हात मागे धरून सावकाश पुढे गेली. ती खोलीत शिरली तरी भाऊजींनी श्वास सोडला नव्हता.

लोटलेल्या दाराआडून तिचा आवाज येत राहिला. इतकं ती कितीतरी महिन्यांत बोलली नव्हती. शब्द मात्र कळत नव्हते. मधेच थांबायची, जणू कुणी उत्तर देतंय.

मग बाहेर आली. चित्र काढलं, "झालं" म्हणून खिशात टाकलं.

"कोण होतं गं?" भाऊजींनी विचारलं.

चिमीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू तेच खुळे. "आता दूध," म्हणाली.

संध्याकाळी मावशी चादर झटकायला गेली. चिमी बसली होती तिथे चुरगळलेली होती, आणि तिच्या शेजारीही.

"आजच्या दिवस राहू दे," दारातून भाऊजी म्हणाले.

पुढच्या शनिवारी चिमीने तिथे पोहण्याचं चित्र लावलं आणि टॉवेल घेऊन मावशीबरोबर निघाली. भाऊजी मात्र दुपारीच घरी आले आणि दार उघडं टाकून बसून राहिले.